चुन्याएवढं मलम

साठ साल होतं. पाऊस सरला होता आणि सॅपर्सची, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या फौजींची, एक प्लाटून हरिहरेश्वरच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी तंबू ठोकून बसली होती. काम होतं लाकडी जेट्टी बांधण्याचं. ती जेट्टी कुणालाच नको होती. सरावासाठी बांधायची आणि पुरी झाली की उकलून ट्रकमध्ये भरायची. पलटणीत याला ट्रेनिंग म्हणतात. घरी असं काही केलं असतं तर आईने अंगारा आणला असता.

मी सॅपर नव्हतो. वैद्यकीय शाखेतला नर्सिंग असिस्टंट, हुद्दा नाईक, या प्लाटूनला तात्पुरता जोडलेला. जवान मला डाक्टर म्हणत. खरे डॉक्टर, आमचे कॅप्टन साहेब, मुख्य कॅम्पवर होते आणि आमच्यामध्ये घाट, खाड्या आणि एक खरखरणारा वायरलेस सेट होता. मी पेणकडचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. खाऱ्या पाण्यात पायाला चीर पडली की ती किती दिवस हट्ट धरते हे मला पुस्तकाआधी घरात समजलं होतं.

सकाळी सहाला रोल कॉल. त्याआधी प्रत्येकाची दाढी झालेली हवी. मग चहा, रांगेत फॉलइन आणि छातीभर पाण्यात उभं राहून खांब ठोकणं. खडकांवरच्या कालवांच्या धारेने नडग्या कापल्या जात. त्यात रेती जाई, वर ऊन आणि घाम. आठवडा उलटायच्या आत निम्म्या प्लाटूनला पुवाचे फोड आले. पायावर आले ते समजण्यासारखं होतं. पण हनुवटीवर आणि गालावरही आले, आणि तिथे काही कालवं नव्हती.

त्या वर्षी स्टोअरमधून नवं मलम आलं होतं. अँटिबायोटिकचं, पिवळं, ट्यूबमधलं. त्याआधी आम्ही जांभळं औषध लावत असू. ते लावलेला जवान रंगपंचमीहून आल्यासारखा दिसे आणि दिवसभर चेष्टा सहन करी. त्यामुळे पिवळ्या मलमाचं सगळ्यांनी प्रेमाने स्वागत केलं, जरा जास्तच प्रेमाने. मी सांगायचो, आधी कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, खपली मऊ करून काढा, कोरडं करा, मग पातळ थर लावा आणि हात धुवा. ते मान डोलवायचे आणि तंबूत जाऊन खपलीवरच मलमाचा डोंगर रचायचे. कौलांवर कितीही पाणी ओतलं तरी घरातली चूल विझत नाही, हे मी सिक रिपोर्टला, म्हणजे आजाऱ्यांच्या हजेरीला, रोज सांगत होतो. एकाने तर ते भेगाळलेल्या टाचांना लावलं आणि गुण येतो म्हणून शेजारच्या तंबूतही पोचवलं.

चेहऱ्यावरच्या फोडांचं मूळ मला लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या तंबूच्या, मागे सापडलं. तिथे आमचा नाई रामधन रोज पहाटे दाढीची रांग लावायचा. एक वाटी, एक ब्रश, एक वस्तरा. पहिल्याच्या गालावरचा फेस दुसऱ्याच्या गालावर, दुसऱ्याच्या फोडातलं तिसऱ्याच्या. मी संध्याकाळी मलम लावायचो आणि रामधन सकाळी फोड वाटायचा. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दाढीशिवाय फॉलइन नाही, हा हुकूम होता, आणि तो राबवून घेणारा होता हवालदार बाळाराम शिगवण.

बाळारामबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. हा म्हसळ्याच्या अलीकडच्या एका गावचा, भातशेतीवाल्या कुणब्याचा मुलगा. बुटका, रुंद, आवाज नगाऱ्यासारखा. जवान उपाशी असेल तर स्वतःच्या ताटातलं देणारा आणि बुटाची लेस सुटली असेल तर त्याच जवानाला मैदानाला फेरी मारायला लावणारा. आणि मिशी. तशी मिशी मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. काळी, दाट, टोकं वर वळवलेली. तो बोलायच्या आधी ती बोलायची. टोकं उभी असली की प्लाटून खुशीत, खाली आली की कुणाची तरी शंभरी भरली. माझ्यावर त्याचा लोभ होता. "पेणकर, तू मीठवाला, मी भातवाला. आपन दोघं असलो की पेज झाली," असं तो म्हणायचा.

एके दिवशी त्याची मिशी चमकायला लागली. मला वाटलं खोबरेल. दुसऱ्या दिवशी ती आणखी चमकली आणि बाळाराम बोलताना तोंडाच्या एकाच बाजूने बोलू लागला. त्याच्या पुढच्या सकाळी रोल कॉलला हुकूम द्यायला तो उभा राहिला आणि त्याचा नगारा वाजलाच नाही. मी जवळ गेलो. डावा गाल सुजून तुकतुकीत झाला होता, डोळा मिटत आला होता, अंगात ताप होता. मिशीवरची चमक खोबरेलाची नव्हती. ते माझं पिवळं मलम होतं.

त्याला एम.आय. रूमच्या, म्हणजे माझ्या दवाखान्याच्या, तंबूत आणून खाटेवर बसवलं.

"कधीपासून आहे?"

"चार रोज झालं आसतील."

"पिळलास?"

"जरासा."

ओठाच्या वर आणि नाकाच्या खाली आलेला फोड पिळायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. तिथलं विष डोळ्यामागे चढतं आणि तिथून मेंदूत जाऊ शकतं. मी मिशी बाजूला करून पाहिलं. केसांत पू सुकून त्याचं दगडासारखं कवच झालं होतं. त्यावर मलमाचे थर. त्यातला एक कणसुद्धा फोडापर्यंत पोचला नव्हता.

मी सेटवर गेलो.

"हॅलो वन. कॅप्टन साहेबांना द्या. ओव्हर."

"बोल. ओव्हर."

"हवालदार शिगवण. वरच्या ओठावर फोड, मिशीखाली, पिळलेला. गाल सुजलाय, डावा डोळा मिटत आलाय, ताप आहे. ओव्हर."

"मान हलवतो? शुद्धीवर आहे? ओव्हर."

"दोन्ही ठीक. ओव्हर."

"पेनिसिलिनचं इंजेक्शन आत्ता सुरू कर. मिशी काढ. कात्रीने, बुडापासून. वस्तरा लावायचा नाही. गरम पाण्याचा शेक दे, कवच सुटू दे, पू आपोआप वाहू दे, मग मलम. केसांत पू कोंडलेला राहिला तर नुसत्या इंजेक्शनवर मी विसंबणार नाही. उद्या सकाळपर्यंत सूज वाढली तर उचलून मुंबईला. डोळा जाईल, जीवही जाऊ शकतो. समजलं? ओव्हर."

समजलं होतं. मुंबईचा रस्ता असा होता की त्यावरून धडधाकट माणूस नेला तरी आजारी पोचावा.

बाळारामने इंजेक्शन मुकाट्याने घेतलं. कात्री पाहिली आणि माझा हात धरला. तापातही पकड चांगली होती.

"मिशी न्हाय काढायची, डाक्टर."

"डोळा जाईल."

"जाऊ दे. दुसरा हाय."

"जीव जाईल."

"बा जिता हाय माजा," तो म्हणाला.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मुलखात बाप हयात असताना मुलगा मिशी उतरवत नाही. बाप गेला की दहाव्याला डोकं आणि मिशी दोन्ही उतरतात. जित्या बापाच्या मुलाने मिशी काढली तर लोक विचारतात, कोण गेलं? आणि असं विचारणंच अशुभ. बाळारामची आई तो रांगत असताना गेली. बापाने दुसरं लग्न केलं नाही. पोराला पाठीशी बांधून त्याने लावणी केली, स्वतः भाकऱ्या थापल्या. त्या बापाला त्या वर्षी खोकल्याने धरलं होतं आणि बाळाराम रोज येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची खबर विचारत होता.

"मी मिशी काढली आन् त्याला काय झालं, तर मी काय म्हनू? त्याला मीच मारला म्हनू?"

मी कात्री खाली ठेवली. मी सेटवर परत गेलो.

"हवालदार मिशी काढू देत नाही. ओव्हर."

सेट खरखरला.

"काय देत नाही? ओव्हर."

"मिशी, साहेब. ओव्हर."

"तुमच्या सुभेदार साहेबांना सांग, हुकूम द्या म्हणावं. आउट."

सुभेदार साहेब सरदारजी होते. उंच, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. त्यांनी तंबूत येऊन बाळारामकडे पाहिलं, त्याचं म्हणणं ऐकलं आणि मला बाहेर घेऊन गेले.

"हुक्म दे सकता हूँ," ते म्हणाले. "लेकिन बाल काटने का हुक्म मेरे मुँह से नहीं निकलेगा. तू समझता है?"

मी म्हणालो, समजतो.

"इसका बाप कहाँ है?"

"म्हसळ्याच्या वाटेवर, साहेब."

"राशन की गाड़ी उधर ही जाती है. बाप को ले आओ. पूछना है तो उसी से पूछेंगे."

गाडी निघाली. तोवर मी शेक देत राहिलो. बाळाराम भिंतीकडे तोंड करावं तसं तंबूच्या कनातीकडे तोंड करून पडला होता. बाहेर जेट्टीचं काम चालू होतं, पण घण नेहमीसारखे पडत नव्हते. खांब ठोकताना जो तो मान वळवून तंबूकडे बघत होता.

दुपारच्या जेवणाला राशनचा थ्री-टनर ट्रक परत आला. ड्रायव्हरशेजारून एक म्हातारा उतरला. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर कांबळं, कमरेला आकडीत कोयता. कापणीतून तसाच उठून आला होता. पायाला चिखल होता. आणि ओठावर तीच मिशी, फक्त पांढरी. लखमा शिगवण हे नाव त्याने सांगायची गरजच नव्हती.

तो तंबूत आला, खाटेवर बसला आणि पोराच्या कपाळावर हात ठेवला.

"केवडा सुजलास रं."

"तू कशाला आलास बा? भात कोन कापतोय?"

"भात कुटं पळून जात न्हाय." मग माझ्याकडे वळून, "तू डाक्टर? काय करायचं म्हनतोस?"

मी सांगितलं. कात्री, शेक, कवच, मलम. नाही केलं तर काय होईल तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"न्हावी कुटं हाय?"

"बा, तू जिता हायस," बाळाराम म्हणाला. त्याचा आवाज फुटला. आवाज फुटलेला हवालदार मी त्याआधी पाहिला नव्हता.

"म्हनून तर सांगतोय. मेल्यावर सांगाया येनार हाय काय मी?"

त्याने कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं ओढलं आणि पोराच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"माज्याकडं बघ. ज्या डोळ्यानं दिसतंय त्यानं बघ. मी बोलत ऱ्हातो. जवर मी बोलतोय तवर मी हाय. समजलं? आता काप रं."

मी कात्री उकळून घेतली होती. रामधनला बोलावून ती त्याच्या हातात दिली. त्या मिशीला तोवर कुणी टोकं छाटण्यापलीकडे हात लावला नव्हता. पहिली चिमूट खाली पडली आणि म्हातारा बोलू लागला. वरचं खाचर कापून झालंय. पाणथळातलं भात आडवं पडलंय, पण दाणा चांगला हाय. तांबू गाय व्यायली, पाडी झाली. शेजारचा गणू पुन्हा बांध कोरतोय, त्याला तू आलास की बघ. मध्ये खोकल्याची उबळ आली तेव्हा तो हाताने रामधनला थांबवायचा, खोकला संपवायचा, आणि म्हणायचा, "हाय मी. काप." तंबूच्या दाराशी सुभेदार साहेब उभे होते. त्यांच्या मागे अर्धी प्लाटून. कुणाला हटवायचं भान त्यांना राहिलं नाही.

मिशी गेल्यावर मी शेक दिला. कवच सुटलं, पू आपोआप आला, बोटाने दाबावं लागलं नाही. धुतलं, टिपलं आणि काडीवर कापूस गुंडाळून मलम घेतलं.

म्हातारा पुढे झुकून बघत होता. "येवडंच? विड्याला चुना लावतात तेवडं?"

"तेवढंच, बाबा."

"मग ह्यो इतके दिस काय सारवत व्हता?" तो म्हणाला, आणि दारातली अर्धी प्लाटून हसली. बाळारामही हसला. त्याला हसताना दुखलं आणि तो आणखी हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा किलकिला झाला. संध्याकाळी उघडला. मुंबईची गाडी लागली नाही. सुभेदार साहेबांनी त्याच दिवशी हुकूम काढला, ज्याच्या तोंडावर फोड त्याची दाढी माफ, प्रत्येकाचा ब्रश आणि टॉवेल आपापला, आणि वस्तरा दर माणसाला उकळून. केसांचा हुकूम देणार नाही म्हणणाऱ्या माणसाने दाढीचे तीन हुकूम एका दमात दिले, असं मी म्हणालो नाही, पण मनात आलं. आठवड्यात प्लाटूनचे चेहरे साफ झाले. पुढे निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक जवानाला मलमाचं माप चुन्याचंच सांगितलं. पंजाबी, तमिळ, गढवाली, सगळ्यांना कळलं.

लखमाबाबा तीन रोज राहिला. "मिशी न्हाय त्याला, लोकांनी इचारलं तर मी समोर दिसाया पायजे," असं कारण त्याने दिलं. लंगरमध्ये जेवायचा, दाल पातळ आहे म्हणायचा आणि दोनदा मागायचा. जेट्टीवर जाऊन बसायचा. आम्ही ती मोडणार आहोत हे कळल्यावर त्याने सरकारबद्दल जे मत दिलं ते इथे लिहीत नाही. जाताना मी त्याच्या छातीला नळी लावून पाहिली, खोकल्याचं औषध दिलं. मिशी नसलेला बाळाराम आमच्या सगळ्यांहून तरुण दिसत होता. नव्या केसांची पहिली रेघ उमटली तेव्हा प्लाटूनने लंगरमध्ये गोड केलं.

नंतरही आमच्या गाठी पडत राहिल्या. पासष्टच्या लढाईत आम्ही दोघे पंजाबच्या बाजूला होतो, वेगवेगळ्या ठिकाणी. त्याची तुकडी एका कालव्यावर पूल टाकत होती. सकाळी तोफमारा झाला. त्याने पोरांना आडोशाला पाठवलं आणि मागे राहिलेल्या एकाला आणायला तो परत गेला. त्या जवानाला आमच्या ड्रेसिंग स्टेशनवर आणलं तेव्हा मला कळलं. जवान वाचला. हवालदार बाळाराम शिगवण जागीच गेला. माझ्याकडे सगळी औषधं होती, आणि त्याला माझ्यापर्यंत आणण्यात अर्थ उरला नव्हता. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

लढाई थांबल्यावर सुट्टी मिळाली. पेणला घरी तोंड दाखवून मी म्हसळ्याची वाट धरली. लखमाबाबा अंगणात बसला होता. खोकला गेला होता. मिशी तशीच होती, पांढरी, टोकं खाली आलेली. मला बघून तो उठला नाही, बसही म्हणाला नाही. शेजारच्या पोराला धाडून गावच्या न्हाव्याला बोलावून घेतलं.

"बापासाटी पोरगा काढतो," न्हावी आल्यावर तो म्हणाला. "पोरासाटी बापानं काढायची रीत न्हाय. गाव नको म्हनतंय. ह्यो न्हावी बी नको म्हनतो. पन त्यानं माज्या शब्दासाटी काढली व्हती, आन् मी समोर बसलो व्हतो. माज्या समोर बसाया कोन न्हवतं, म्हनून थांबलो."

त्याने पाय सरकवून मला जागा केली. मी त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो.

"बोलत ऱ्हा," तो म्हणाला.

मी बोललो. पाच वर्षांत बाळाराम काय काय म्हणाला, कुणाला रागावला, कुणाला जेवू घातलं. मीठवाला आणि भातवाला. त्या कालव्यावर तो कुणासाठी परत गेला आणि तो पोरगा आता चालतो-फिरतो, घरी गेला, हेही. वस्तरा फिरत होता आणि पांढरे केस कांबळ्यावर पडत होते. न्हाव्याला रडू येत होतं, त्यामुळे शेवटी ओठावर जरासं कापलं.

"ते पिवळं हाय का तुज्याकडं?"

होतं. सुट्टीवरही पिशवीत असायचंच. मी जखम धुतली, टिपली आणि बोटावर घेतलं, चुन्याएवढं.

म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि तोंड वर केलं.

"आज जरा जास्त लाव," तो म्हणाला.

मी जास्त लावलं.